हेल्मेटमधली मोकळी जागा

हेल्मेट चढवून तीन आठवडे झाले होते, तेव्हा डेस पायबसच्या बोटांना ती जागा लागली.

मंगळवार होता. सकाळी साडेसातला त्याची मुलगी ब्रायडी नेहमीप्रमाणे नेलला त्याच्याकडे सोडून कॅम्पबेल टाउनच्या वृद्धाश्रमात कामाला गेली होती. ती यायची संध्याकाळी साडेपाचला. नेलचा बाप टोबी पश्चिमेकडच्या खाणीत. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. त्यामुळे रॉस गावातल्या त्या छोट्या दगडी घरात आठवड्याचे पाच दिवस दोघंच असायची, पावणेसहा महिन्यांची नात आणि बहात्तर वर्षांचा आजोबा. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बोलायचा कंटाळा होता, तेव्हा त्यांचं छान जमायचं.

नेल जन्मली तीच मान एका बाजूला आखडून. निजवलं की डोकं उजवीकडेच कलायचं. बाळाला पाठीवरच निजवा, असं दवाखान्यात बजावून सांगतात. ब्रायडीने ते तंतोतंत पाळलं. चौथ्या महिन्यात अंघोळ घालताना टोबीने तिच्याकडे वरून पाहिलं आणि म्हणाला, "हिचं डोकं वाकडं दिसतंय गं." मागची उजवी बाजू चपटी झाली होती, उजवा कान डाव्याच्या पुढे सरकला होता. मानेचे व्यायाम झाले, पोटावर पालथं घालणं झालं, तरी फरक पुरेसा पडेना. मग लॉन्सेस्टनच्या क्लिनिकमध्ये आनेके नावाच्या बाईने डोक्याचं माप घेऊन हेल्मेट बनवलं. बाहेरून कडक पांढरं प्लास्टिक, आतून फोम, कानाजवळ पट्टा. दिवसाचे तेवीस तास घालायचं. एक तास अंघोळीचा, तो ब्रायडीकडे संध्याकाळी. शिवाय दुपारी घाम पुसायला दहा मिनिटं, ती डेसकडे.

त्या दहा मिनिटांत तो हेल्मेट आतून पुसत होता. फडकं एका हातात, दुसरा हात आत. डेसने चाळीस वर्षं कातरणीच्या शेडमध्ये लोकरीची प्रत ठरवण्याचं काम केलं होतं. टेबलावर पसरलेल्या लोकरीत हात घातला की ती कुठे दुबळी आहे, कुठे कुसळं आहेत, कोणत्या महिन्यात ती मेंढी उपाशी राहिली होती, हे त्याला न बघता कळायचं. डोळ्यांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता, स्वतःच्या मतावर तर मुळीच नव्हता. पण बोटांवर होता. आणि बोटं आता सांगत होती की हेल्मेट मागून उजव्या बाजूला खोल आहे. कपाळाशी, डाव्या बाजूला फोम भरीव. इथे मात्र वाटीसारखा खड्डा.

त्याने ते नेलला घातलं, पट्टा लावला आणि मागून बोट सरकवून पाहिलं. एक नाही, दोन बोटं सहज गेली. नेलने मान फिरवली तशी हेल्मेटची कड किंचित सरकली आणि डाव्या भुवईवर आली.

"सैल बनवलंय की काय तुझं?" तो तिला म्हणाला. नेलने त्याचा चष्मा ओढला.

पहिल्यांदा त्याला स्वतःचीच शंका आली. आपल्याला काय कळतं त्यातलं? शिकलेली बाई आहे, यंत्राने माप घेतलंय. पण शिकलेल्या माणसांनी यंत्राने मोजलेल्या गासड्यांत त्याने जन्मभर चुका पाहिल्या होत्या. संध्याकाळी ब्रायडी आली, तेव्हा त्याने विषय काढला.

"ते मागून जरा ढिलं वाटतं मला."

ब्रायडी नेलच्या बाटल्या पिशवीत भरत होती. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलून तिची पाठ भरून आली होती, आणि सकाळी इकडे येताना दुकानात एका बाईने नेलकडे बघून 'बिच्चारी, पडली का कुठे?' असं विचारलं होतं.

"डॅड, त्याला हात लावू नकोस हं. ते त्यांनी मिलिमीटरमध्ये मोजून केलंय."

"हात नाही लावत. मी आपलं म्हटलं."

"सगळेच आपलं म्हणतात. पोस्टातली म्हणते, आमच्या वेळी नव्हती असली थेरं. टोबीची आई म्हणते, केस आले की झाकलं जाईल. आता तू नको सुरू होऊस, प्लीज."

डेस सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने क्लिनिकचा नंबर फिरवला. फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर तो होता. काय बोलायचं ते त्याने एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहूनही घेतलं होतं. तिकडून एक तरुण आवाज आला, "क्लिनिक, बोला." डेसच्या तोंडून शब्द फुटेना. दोन वेळा "बोला" झालं आणि त्याने फोन ठेवून दिला. घरात फोन करण्याचं काम नेहमी त्याच्या बायकोचं, लोर्नाचं होतं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्याने, पत्र लिहून भागेल अशा कुठल्याच कामासाठी फोन केला नव्हता.

त्या दुपारी नेल झोपेना. डोळे चोळायची, पेंगायची आणि डोकं टेकलं की हेल्मेट सरकून दचकून उठायची. तास गेला. डेसने तिला खांद्यावर घेऊन पुस्तकांच्या कपाटाभोवती फेऱ्या मारल्या. कपाटाच्या खालच्या खणात त्याने आपल्या शेवटच्या शेडमधली मूठभर लोकर जपून ठेवली होती. साडेचौदा मायक्रॉनची, इतकी तलम की हातात घेतली तरी वजन लागू नये. त्या रात्री ती त्याने कोमट पाण्यात धुऊन वाळवली, बोटांनी विंचरली, पातळ मलमलीत घातली आणि बारीक टाके घालून एक चपटी गादी शिवली. मधे बोटभर जाड, कडांना पातळ. तळहाताएवढी. दुसऱ्या दिवशी उजवीकडच्या त्या खड्ड्यात ती इतकी चपखल बसली, जणू तिच्याचसाठी तो केला होता.

त्यानंतर हेल्मेट हललं नाही. नेल दोन तास झोपली.

साडेपाच वाजायच्या आत त्याने गादी काढून खणात ठेवली. ब्रायडीला सांगायचं होतं त्याला. पण ती दारातच म्हणाली, "आज झोपली का नीट?" तो म्हणाला, "दोन तास," आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की त्याने बाकीचं गिळून टाकलं. उद्या सांगू म्हणाला. उद्याही नेल दोन तास झोपली.

गादीबद्दल कळलं ते फक्त मर्लला. मर्ल शेजारीण, पूर्वी कातरणीच्या शेडवर स्वयंपाकाला असायची. दर दोन दिवसांनी ती बिस्किटांचा डबा घेऊन मागच्या दाराने यायची आणि नेलच्या हेल्मेटवर टकटक करायची.

"आज कुणाशी मॅच आहे हिची?"

"मर्ल, वाजवू नको ते."

"हिच्या आजोबापेक्षा बरी खेळेल. डेस, तू खेळायचास तेव्हा बॉल तुझ्याकडे आला की तू त्याला सॉरी म्हणायचास." तिने टेबलावर पडलेली गादी उचलून दोन बोटांत चोळली. "हे काय रे? लोण्यासारखं लागतंय."

"आत घालायला. सैल होतं जरा."

"ब्रायडीने शिवायला सांगितलं?"

"हो," डेस म्हणाला. इतक्या सहज की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आयुष्यात तो फार कमी खोटं बोलला होता. मुळात बोलणंच कमी असल्याने ती सोय झाली होती.

असे सहा आठवडे गेले.

मधल्या तपासणीला ब्रायडी एकटीच जाऊन आली. "काही फरक नाही या वेळी. आनेके म्हणाली, कधीकधी थांबतं, बघू," एवढंच तिने सांगितलं. डेसला वाईट वाटलं. पण त्याचा गादीशी संबंध असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. उलट त्याला वाटलं, बरं झालं आपण ती शिवली. निदान पोरीला टोचत तरी नाही.

पुढच्या तपासणीच्या दिवशी ब्रायडीची गाडी गॅरेजमध्ये होती. डेसने त्यांना लॉन्सेस्टनला नेलं. तो बाहेरच बसणार होता, पण आनेकेने दारातून हाक मारली, "या ना, तुम्हीही या. तुम्हीच दिवसभर सांभाळता ना हिला?" तो कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली.

आनेके चाळिशीची, उंच, केस मागे बांधलेली. तिने नेलच्या डोक्यावर एक पातळ टोपरं चढवलं आणि चिमट्यासारख्या मापाने डोकं तिरकं मोजलं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मग उलट बाजूने. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे वाकडेपणा. तिने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"सतरा मिलिमीटरपासून सुरुवात केली आपण," ती म्हणाली. "पहिल्या तीन आठवड्यांत चौदावर आलो. छान उतरत होतं. त्यानंतर चौदा. आजही चौदाच."

"म्हणजे?" ब्रायडीने विचारलं.

"म्हणजे एक तर डोकं वाढत नाहीये. पण वाढतंय, घेर वाढलाय. नाहीतर..." आनेकेने माप खाली ठेवलं. "ब्रायडी, मी हे सगळ्यांनाच विचारते. तेवीस तास होतात ना? गरमी असते, मूल रडतं, आपण दमलेलो असतो. काढून ठेवतात लोक. मी रागावणार नाही."

"होतात तेवीस तास."

"रात्री?"

"रात्री पण. मी वहीत लिहून ठेवते. ही बघा." ब्रायडीने वही काढली. आनेकेने पानं उलटली, मान डोलावली आणि वही परत दिली. त्या मान डोलावण्यात पुरता विश्वास नव्हता, हे कोपऱ्यातल्या डेसलाही कळलं.

"मग मला एक शंका दूर करून घ्यावी लागेल," आनेके म्हणाली. "कवटीची हाडं या वयात सुटी असतात. त्यांचा एखादा सांधा वेळेआधी जुळला असेल, तर हेल्मेट कितीही घाला, उपयोग होत नाही. मग सर्जनकडे जावं लागतं. मला पहिल्या दिवशी तसं काही वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नाही. पण आकडा हलत नाहीये. होबार्टला स्कॅन करून घेऊ. बाळ हलायला नको म्हणून थोडी भूल देतील."

"भूल?" ब्रायडी म्हणाली.

"थोडीच. पण हो, भूल."

मग तिला समजावण्यासाठी आनेकेने हेल्मेट उलटं धरलं आणि खिडकीच्या उजेडात आतली बाजू दाखवली. "हे बघा. जिथे डोकं फुगलंय, तिथे हेल्मेट टेकतं. दाबत नाही, नुसतं टेकतं, म्हणजे तिकडे वाढ होत नाही. आणि जिथे चपटं आहे तिथे मी मुद्दाम ही मोकळी जागा सोडलीय. वाढणाऱ्या डोक्याला जायला एवढी एकच जागा. सगळा उपचार या पोकळीत आहे. बाकीचं हेल्मेट नुसतं तिला धरून ठेवायला. म्हणून तर मला कळत नाही, इथे का भरत नाहीये."

डेसने मान खाली घातली. समोर त्याचे तपकिरी बूट होते, डाव्याची नाडी सुटलेली. तो नाडीकडे बघत राहिला. आता बोलायला हवं, हे त्याला स्पष्ट कळत होतं, पण जीभ रेटेना. ब्रायडी काहीतरी विचारत होती, आनेके उत्तर देत होती, नऊ दिवसांनंतरची गुरुवारची तारीख ठरत होती; आणि तो नाडीकडे बघत होता.

परतीच्या वाटेवर मेंढ्यांचा एक ट्रक पुढे होता आणि डेसने तो ओलांडलाच नाही. मागच्या सीटवर नेल झोपली होती. वाटेतलं पर्थ गाव मागे पडल्यावर ब्रायडी बोलली.

"तिला वाटतंय मी खोटं बोलतेय."

"तसं नाही म्हणाली ती."

"न म्हणताच म्हणाली. वही दाखवली तरी." तिने नाक पुसलं. "अंघोळीला कधीकधी सव्वा तास होतो, डॅड. रविवारी टोबी असला की दीड होतो. त्याने झालं असेल का?"

"नाही."

"तुला काय माहीत?"

तो बोलणार होता. "ब्रायडी," असं म्हणालाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला, टोबीचा होता, आणि ती त्याला भुलीचं सांगता सांगता रडायला लागली. तिकडून टोबीचा आवाज येत होता, "ए, रडू नको ना. मी येऊ का? सुट्टी नाही देणार हे लोक, पण येऊ का?" डेसने खिडकीची काच खाली केली आणि परत वर केली.

त्या दिवसापासून गादी हेल्मेटमध्ये गेली नाही. नेल दुपारी कुरकुरायची, तो तिला खांद्यावर झोपवायचा. गादी गेली, तेव्हा आता आपोआप सुधारेल; कुणाला काही कळायची गरज नाही, असा एक विचार त्याच्या मनात येऊन बसला आणि जाईना. पण पुढचं माप स्कॅननंतरच होणार होतं. त्याआधी गुरुवार होता. गुरुवारी एका धडधाकट पोरीला भूल द्यायची, तिच्या डोक्यात नसलेला रोग शोधायचा, आणि सापडला नाही की पुन्हा तिच्या आईकडे संशयाने बघायचं. गप्प बसायचं म्हणजे एवढं सगळं करायचं.

त्याने आनेकेला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या पत्रात लोकरीबद्दलच दीड पान झालं. ते फाडलं. दुसऱ्यात माफीच इतकी होती की काय केलं ते शेवटपर्यंत आलंच नाही. तिसरं बरं होतं, पण पोस्टातली बाई पत्त्यावरून विचारेल म्हणून त्याने ते पेटीत टाकलं नाही. आणि खरं तर आनेकेला आधी सांगणं म्हणजे ब्रायडीला चुकवणं होतं, हेही त्याला कळत होतं. पन्नास गासड्यांत एखादी चुकीची लोकर गेल्याची शंका आली असती, तर त्याने बिनदिक्कत सगळ्या उघडायला लावल्या असत्या. आणि इथे एक वाक्य निघत नव्हतं.

शनिवारी ब्रायडी नेलला घेऊन जेवायला आली. भोपळा शिजवून कुस्करला होता; नेलच्या तोंडापेक्षा हेल्मेटच्या पट्ट्यावर तो जास्त गेला. ब्रायडीने पिशवीतून एक कागद काढला.

"हॉस्पिटलातून आलाय. सहा तास आधीपासून वरचं दूध नाही द्यायचं. चार तास आधी माझंही नाही. मग नुसतं पाणी." ती वाचत होती. "भूल देताना पालकांपैकी एकाला आत येता येईल. डॅड, मी आत जाईन. पण तिला तिथे सोडून मी बाहेर येईन ना, तेव्हा मला कुणीतरी हवं. टोबी नाही येऊ शकत. तू येशील? तुला काही बोलायला नको. नुसता बस."

"तिला भूल द्यायची गरज नाही," डेस म्हणाला.

"असं तू म्हणून काय उपयोग?"

"ब्रायडी, मी त्यात लोकर घातली होती."

तिने चमचा खाली ठेवला. "कशात?"

"हेल्मेटात. त्या मोकळ्या जागेत. मला वाटलं सैल आहे. गादी शिवली होती मी."

नेलने भोपळ्याच्या वाटीत हात घातला, कुणी तो काढला नाही.

"कधी?"

"तीन आठवड्यांच्या तपासणीनंतर."

"रोज?"

"तू सोडून गेलीस की घालायचो. तू यायच्या आत काढायचो. मंगळवारपासून नाही घातली."

"यायच्या आत काढायचास." ती हळू बोलत होती. "म्हणजे तुला माहीत होतं, मला चालणार नाही ते."

"हो."

"आणि मंगळवारी तू तिथे बसला होतास. ती मला विचारत होती, रात्री काढता का. मी वही दाखवत होते. तू तिथेच बसला होतास."

"हो."

"काय करत होतास?"

"बुटाकडे बघत होतो."

ब्रायडी हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "मी पाच दिवस स्वतःला खातेय. अंघोळीची मिनिटं मोजतेय. टोबीला सांगितलं, माझ्यामुळे झालं."

"मी विचारलं होतं तुला एकदा."

"एकदा. एकदा विचारलंस आणि मी ओरडले, म्हणून दीड महिना चोरून शिवणकाम? फोन करायचा ना त्यांना."

"केला होता."

"मग?"

"मुलगी म्हणाली, क्लिनिक, बोला. मी ठेवून दिला."

"डॅड," ब्रायडी म्हणाली. तिने नेलचं तोंड पुसलं, हात पुसले, हेल्मेटचा पट्टा ओल्या फडक्याने घासला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग तिला उचलून कडेवर घेतलं.

"सोमवारी नऊला मी इथे येईन. तू फोन करशील. मी नाही करणार, तू करशील. आणि पाकिटावर लिहून घ्यायचं नाही."

तिला पाकिटाचं कसं कळलं, हे त्याने विचारलं नाही. बोलायच्या आधी लिहून घ्यायची त्याची सवय सगळ्या गावाला ठाऊक होती.

सोमवारी नऊला फोन टेबलावर होता, आवाज मोठा केलेला. ब्रायडी समोर हाताची घडी घालून उभी. आनेके फोनवर आली तेव्हा डेसने आधी नाव सांगितलं, मग घसा खाकरला, मग सांगितलं.

"लोकर," आनेके म्हणाली. "किती जाड?"

"साडेचौदा माय..." तो थांबला. "बोटभर. मधे बोटभर."

"दिवसाचे नऊ-दहा तास?"

"हो. शनिवार-रविवार सोडून."

"हं." तिने कुठेतरी काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. "मग चौदा का हलले नाहीत, ते कळलं. रात्री जे थोडं भरत होतं ते दिवसा दाबलं जात होतं. बरं झालं सांगितलंत. स्कॅन आपण पुढे ढकलू. तीन आठवडे फक्त हेल्मेट, आत काहीही नाही. आकडा उतरला तर स्कॅनची गरज नाही. नाही उतरला, तर मात्र करावाच लागेल."

"आणि ते सहा आठवडे?" डेसने विचारलं.

"ते गेले, डेस. आता ती साडेसात महिन्यांची आहे. डोकं आता पहिल्यासारखं झपाट्याने वाढणार नाही. जेवढं मिळेल तेवढं मिळेल." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पोकळी कशासाठी आहे हे मी आईला सांगितलं. दिवसभर जो सांभाळतो त्याला बोलावून सांगायला हवं होतं. ते माझं राहिलं. ब्रायडी आहे का तिथे? ब्रायडी, मी तुम्हाला दोनदा विचारलं त्या दिवशी. सॉरी."

"ठीक आहे," ब्रायडी म्हणाली. तिने फोन बंद केला. मग डेसकडे न बघता म्हणाली, "आजपासून तिला पाळणाघरात ठेवतेय. कॅम्पबेल टाउनला जागा मिळालीय. माझ्या कामाच्या जवळच आहे."

"बरं," डेस म्हणाला.

ते तीन आठवडे फार लांब गेले. साडेसात वाजता त्याचे कान दाराकडे लागायचे. मर्ल आली, तिने सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच डबा न उघडता बसून राहिली. "मला म्हणालास ब्रायडीने सांगितलं म्हणून," एवढंच ती म्हणाली. ते त्याला फार लागलं. ब्रायडीच्या रागाची त्याने तयारी ठेवली होती. मर्लची ठेवली नव्हती.

तपासणीच्या दिवशी ब्रायडीने त्याला बोलावलं नाही. संध्याकाळी ती गाडी चालू ठेवूनच फाटकाशी आली. तो अंगणात उभा होता.

"बारा," ती काचेतून म्हणाली.

त्याने फाटकाला धरलं. "मग स्कॅन?"

"नाही लागणार. भरतंय म्हणाली. पण पूर्ण नाही होणार. नऊपर्यंत आलं तरी खूप, म्हणाली. आधीच्या वेगाने सहापर्यंत आलं असतं." ती हे आकडे टोचायला सांगत नव्हती. आनेकेने सांगितले होते, तसे ती सांगत होती, आणि म्हणूनच ते टोचत होते. "केस लांब ठेवले की कळणार नाही कुणाला."

"मला कळेल," डेस म्हणाला.

"हो," ब्रायडी म्हणाली. "मला पण." तिने गाडीचा गिअर बदलला, पण निघाली नाही. "बुधवारी पाळणाघर बंद असतं. आत्तापर्यंत रजा काढली, आता नाही मिळणार. मर्लला विचारलंय मी. ती इथे बसेल दिवसभर. ती असेल तर तुझ्याकडे ठेवते."

"चालेल."

"तुला वाईट वाटेल, माहितीय मला."

"वाटू दे."

बुधवारी मर्ल विणकाम घेऊन आली आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. "मला पहाऱ्याला बसवलंय," ती म्हणाली. "जेवायला काय आहे? पहारेकऱ्याला जेवण असतं." नेल आता बसायला शिकली होती. डेसला बघून ती आधी ओळख विसरल्यासारखी थबकली, मग दोन्ही हात पसरले. दुपारी दहा मिनिटांसाठी हेल्मेट काढायची वेळ झाली, तेव्हा तो मर्लला म्हणाला, "तू पूस."

"मला नाही येत. तू पूस, मी बघते."

त्याने पुसलं. मर्लने विणकाम मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघितलं. कुणी त्याच्यावर अशी नजर ठेवून बसलंय, असं शेडमध्येही कधी झालं नव्हतं. त्याची मान तापली, पण हात थांबले नाहीत.

साडेपाचला ब्रायडी आली. तिने पिशवी खाली ठेवली, नेलच्या समोर गुडघ्यावर बसली आणि तिचा पापा घेतला. मग तिने हेल्मेटच्या मागच्या कडेतून दोन बोटं आत सरकवली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. ती ते लपवत नव्हती. डेस तिथेच होता, मर्ल तिथेच होती. नेलला गुदगुल्या झाल्या असाव्यात. ती मान हलवायला लागली आणि ब्रायडीची बोटं निसटली.

डेस खाली वाकला, गुडघे कुरकुरत बसला, आणि त्याने नेलची हनुवटी दोन बोटांत हलकेच धरली.

"आता बघ," तो ब्रायडीला म्हणाला. "हलणार नाही ती."

ब्रायडीने पुन्हा बोटं आत घातली आणि पहिल्यापासून तपासायला सुरुवात केली.